जॉर्ज बेलीची ठेव

१९४३च्या डिसेंबरात फिलिप व्हॅन डोरेन स्टर्न या अमेरिकन लेखकानं आपल्या ओळखीपाळखीच्या लोकांना नाताळची भेट म्हणून एक पातळशी पुस्तिका पाठवली. तिच्या दोनशे प्रती त्यानं पदरच्या पैशांनी छापून घेतल्या होत्या, कारण ती गोष्ट छापायला कुणी तयार होत नव्हतं. स्टर्न हा लिंकनचा आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा अभ्यासक. १९३८ साली एका सकाळी दाढी करताना त्याला ही कल्पना सुचली आणि पुढची पाच वर्षं ती त्याचा पिच्छा सोडेना. गोष्टीचं नाव ‘द ग्रेटेस्ट गिफ्ट’. नाताळच्या आदल्या रात्री जॉर्ज नावाचा एक माणूस जीव द्यायला पुलावर उभा आहे. आपण जन्मालाच आलो नसतो तर बरं झालं असतं, असं तो म्हणतो. एक अनोळखी माणूस त्याची ती इच्छा पुरी करतो. जॉर्ज गावात परततो तर त्याला कुणीच ओळखत नाही, आणि आपण नसलो तर काय काय नसतं हे त्याला घरोघरी दिसायला लागतं.

त्या पुस्तिकेतून ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हा सिनेमा जन्माला आला. अमेरिकेत आज नाताळ आणि हा सिनेमा वेगळे काढता येत नाहीत, इतकी त्याची सवय लोकांना झाली आहे. आपल्याकडे मात्र त्याच्याविषयी एक गैरसमज आहे. देवदूत, बर्फ, नाताळचं झाड, गोड शेवट असा काहीतरी साखरेत घोळलेला प्रकार असणार, असं समजून बरेच जण त्याच्या वाटेला जात नाहीत. मला वाटतं, हा सिनेमा ऐंशी वर्षं टिकला तो त्याच्या गोडव्यामुळे टिकलेला नाही. त्यातल्या हिशेबामुळे टिकला आहे. एका साध्या माणसानं आयुष्यभर गावाकडे काय ठेव ठेवली, याचा तो हिशेब आहे.

स्टर्नच्या गोष्टीचे हक्क १९४४ साली आरकेओ या स्टुडिओनं दहा हजार डॉलरना घेतले. कॅरी ग्रँटला घेऊन सिनेमा काढायचा बेत होता. तीन वेगवेगळ्या लेखकांनी पटकथा लिहून पाहिल्या, पण गाडी पुढे सरकली नाही. शेवटी ती गोष्ट फ्रँक काप्राच्या हाती आली. काप्रा मूळचा इटलीतल्या सिसिलीचा. गरीब कुटुंबातला हा मुलगा १९०३ साली, सहाव्या वर्षी, आईवडिलांबरोबर बोटीनं अमेरिकेत आला होता. महायुद्धात त्यानं अमेरिकन सैन्यासाठी ‘व्हाय वुई फाइट’ ही माहितीपटांची मालिका केली आणि परतल्यावर विल्यम वायलर, जॉर्ज स्टीव्हन्स आणि सॅम ब्रिस्किन यांच्यासह ‘लिबर्टी फिल्म्स’ ही स्वतःची कंपनी काढली. तिचा हा पहिला सिनेमा. काप्राचं आपल्याशीही थोडं नातं आहे. त्याच्या १९३४च्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’वरून राज कपूर-नर्गिसचा ‘चोरी चोरी’ आणि पुढे ‘दिल है के मानता नहीं’ आले. जानेवारी १९५२मध्ये मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, तेव्हा अमेरिकेच्या वतीनं काप्रा मुंबईत आला होता.

आता सिनेमाच्या नायकाचा, जॉर्ज बेलीचा डावा कान बघा. सगळा सिनेमा त्या कानात साठवलेला आहे. १९१९च्या हिवाळ्यात मुलं गोठलेल्या तळ्यावर घसरत असतात. धाकटा भाऊ हॅरी बर्फ फुटून पाण्यात पडतो. बारा वर्षांचा जॉर्ज उडी मारून त्याला वाचवतो, पण त्याच्या डाव्या कानाला ऐकू येईनासं होतं. काही आठवड्यांनी तो गावातल्या औषधांच्या दुकानात पुन्हा कामाला जायला लागतो. दुकानदार गावर यांना मुलगा इन्फ्लुएन्झानं गेल्याची तार आलेली असते. त्या दुःखात आणि दारूच्या अंमलाखाली ते कॅप्सुलात चुकून विष भरतात. जॉर्जच्या ते लक्षात येतं आणि तो औषध पोहोचवत नाही. गावर चिडून त्याच दुखऱ्या कानावर मारत राहतात, रक्त येईपर्यंत. मग चूक कळल्यावर म्हातारा त्या पोराला कवटाळून रडतो. हे गावरचं काम एच. बी. वॉर्नर यांनी केलं होतं, ज्यांनी मूकपटाच्या काळात येशू ख्रिस्ताची भूमिका केली होती. पुढे दुसरं महायुद्ध येतं, तेव्हा याच कानामुळे जॉर्जला सैन्यात घेत नाहीत. वाचलेला हॅरी वैमानिक होतो, एका जहाजावरच्या सैनिकांचे प्राण वाचवतो, पदक मिळवतो. जॉर्ज गावात राहून रद्दी आणि रबर गोळा करतो.

जॉर्जचं काम करणारा जेम्स स्टुअर्ट नुकताच युद्धावरून परतला होता. १९४१ साली तो सैन्यात गेला, बॉम्बफेकी विमानं चालवली, युरोपवर वीस मोहिमा केल्या आणि कर्नल होऊन घरी आला. मधल्या पाच वर्षांत त्यानं कॅमेऱ्यासमोर अभिनय केला नव्हता आणि आता आपल्याला हे जमेल का, याची त्याला धास्ती होती. युद्ध पाहून आलेल्या माणसानं युद्धावर जाता न आलेल्या माणसाची घुसमट उभी करायची होती. ती त्यानं अशी केली आहे की काही प्रसंगांत त्याचा चेहरा बघवत नाही.

कारण जॉर्जला गावात राहायचंच नव्हतं. त्याला जग बघायचं होतं, पूल बांधायचे होते, उंच इमारती उभारायच्या होत्या. प्रवासासाठी तो मोठी बॅगसुद्धा घेऊन ठेवतो. निघायच्या वेळी वडील अचानक जातात. कॉलेजसाठी जमवलेले पैसे तो हॅरीला देतो. हॅरी शिकून येईल, धंदा सांभाळेल, मग आपण जाऊ, असं त्याला वाटत असतं. पण हॅरी परततो तो लग्न करून, सासऱ्याकडची नोकरी पक्की करून. स्टेशनवरचा तो प्रसंग पाहा. भावाच्या लग्नाची बातमी ऐकून जॉर्ज हसतो, वहिनीचं स्वागत करतो, आणि मग काही क्षण कॅमेरा फक्त त्याच्या चेहऱ्यावर राहतो. शब्द एकही नाही. हॅरीला शिकायला पाठवून गावात मागे राहण्यात गेलेली चार वर्षं त्या चेहऱ्यावरून सरकताना दिसतात. आपल्याकडे घरातल्या मोठ्या मुलांनी हे किती वेळा केलं आहे! धाकट्यांची शिक्षणं, बहिणींची लग्नं, आणि स्वतःचं काय ते ‘नंतर बघू’. मराठी प्रेक्षकाला जॉर्ज बेली समजावून सांगावा लागत नाही तो यामुळे.

त्याच्या वडिलांचा धंदा म्हणजे ‘बेली ब्रदर्स बिल्डिंग अँड लोन’. ही संस्था काय आहे हे समजलं नाही तर सिनेमाचा कणा हाताला लागत नाही. सभासदांनी थोडे थोडे पैसे भरून शेअर घ्यायचे आणि त्या जमलेल्या पैशांतून त्यांच्यातल्याच कुणालातरी घर बांधायला कर्ज द्यायचं, असं तिचं काम. आपल्या पतसंस्थेची थोरली अमेरिकन बहीणच म्हणा. पैसा तिजोरीत पडून नसतो, तो विटामातीत आणि छपरात गेलेला असतो. सगळं ठीक चालतं ते सगळेजण एकाच दिवशी पैसे परत मागायला येत नाहीत म्हणून.

आणि एक दिवस सगळे येतात. तो दिवस जॉर्जच्या लग्नाचा असतो. तो आणि मेरी टॅक्सीतून मधुचंद्राला निघालेले आहेत, खिशात दोन हजार डॉलर आहेत, बाहेर पाऊस पडतोय. संस्थेच्या बंद दारापुढे गर्दी दिसते. जॉर्ज उतरतो. गावातला धनको पॉटर लोकांना निरोप धाडून बसलेला असतो की डॉलरचे पन्नास सेंट घ्या आणि तुमचे शेअर मला विका. लोक घाबरलेले आहेत. जॉर्ज काउंटरपाशी उभा राहून त्यांना समजावतो की तुमचा पैसा इथं नाहीच. तो तुमच्या शेजाऱ्याच्या घरात आहे, त्याच्या पलीकडच्या घरात आहे, आणि त्या सगळ्यांचा पैसा तुमच्या घरात आहे. बँकिंगचं इतकं सोपं, इतकं अचूक विवेचन मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिलेलं नाही.

मी लहान असताना आमच्या गावातल्या एका पतसंस्थेच्या खाली ओढलेल्या शटरपुढे अशीच रांग पाहिली आहे. कुणाच्या हातात पासबुक, कुणाकडे मुदत ठेवीची पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून घातलेली. भाजीचा धंदा करणारी एक आजी सारखं एकच विचारत होती, ‘आज देतील ना रे बाळा?’ बँकेतल्या ठेवीला ठेव विम्याचं जे संरक्षण असतं, ते पतसंस्थेतल्या ठेवीला नसतं, हे तेव्हा त्या रांगेतल्या कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे सिनेमातल्या त्या काउंटरवर जे घडतं ते मी दरवेळी श्वास रोखून पाहतो.

पहिला माणूस अडून बसतो. त्याला त्याचे सगळेच्या सगळे २४२ डॉलर हवेत. गर्दी पॉटरकडे वळणार, इतक्यात मेरी मधुचंद्राचे पैसे हातात धरून पुढे येते. जॉर्ज एकेकाला विचारतो की तुमची निकड भागायला किती लागतील. पहिला माणूस हट्ट सोडत नाही, तो २४२ डॉलर मोजून घेतो. पुढची बाई वीस डॉलर मागते. मग मिस डेव्हिस नावाची एक संकोची बाई हळूच विचारते, साडेसतरा चालतील का? जॉर्ज तिच्या गालाचा मुका घेतो. साडेसतरा! जेवढी गरज तेवढंच, शेजाऱ्यासाठी काही उरावं म्हणून. संध्याकाळी सहाला दार बंद होतं तेव्हा दोन डॉलर शिल्लक असतात आणि संस्था वाचलेली असते. १९४६चा अमेरिकन प्रेक्षक हा प्रसंग गंमत म्हणून बघत नव्हता. १९३० ते १९३३ या काळात तिथल्या सुमारे नऊ हजार बँका बुडाल्या होत्या. थिएटरात बसलेल्या अनेकांच्या घरातलं कुणी ना कुणी अशा रांगेत उभं राहून रिकाम्या हातानं परतलं होतं.

सिनेमातलं बेडफर्ड फॉल्स हे गाव लॉस एंजेलिसजवळ एन्सिनो इथं आरकेओच्या मोकळ्या जागेवर उभं केलं होतं. चार एकरांत पंच्याहत्तर दुकानं आणि इमारती, तीनशे यार्डांचा मुख्य रस्ता, आणून लावलेली मोठी ओक झाडं. चित्रीकरण १५ एप्रिल ते २७ जुलै १९४६. म्हणजे नाताळची रात्र कॅलिफोर्नियाच्या ऐन उन्हाळ्यात चित्रित झाली. पुलावर उभ्या असलेल्या जॉर्जच्या चेहऱ्यावर घाम दिसतो तो खराखुरा उकाड्याचा आहे. त्या काळी सिनेमात बर्फ म्हणून पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स उडवत. त्यावर पाय पडला की कुरकुर आवाज व्हायचा आणि संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागायचे. काप्राला संवाद जागच्या जागी घ्यायचे होते. तेव्हा स्टुडिओच्या रसेल शेरमन या तंत्रज्ञानं आग विझवायचा फेस, साबण आणि पाणी यांचं मिश्रण करून ते पंख्यांच्या झोतात सोडायची रीत काढली. असा सहा हजार गॅलन बर्फ तयार झाला. तो आवाज न करता पडायचा आणि अंगाखांद्यावर चिकटून राहायचा. या शोधाला पुढे ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

आणखी एका प्रसंगाबद्दल सांगायलाच हवं. काका बिलीच्या हातून संस्थेचे आठ हजार डॉलर हरवतात. ते पॉटरच्या हाती लागतात आणि तो गप्प बसतो. अटक समोर दिसत असताना जॉर्ज दारूच्या गुत्त्यात बसून देवाची करुणा भाकतो. तो देवधर्म करणारा माणूस नाही. मला वाट दाखव, एवढंच तो कसाबसा म्हणतो. हे बोलताना स्टुअर्टला खरोखर रडू कोसळलं. कॅमेरा लांब होता आणि ते रडणं दुसऱ्यांदा तसंच येणार नव्हतं. काप्रानं प्रयोगशाळेत त्या चित्रणाची एकेक चौकट मोठी करून घेतली आणि चेहरा जवळ आणला. नीट पाहिलं तर त्या जागी चित्र थोडं दाणेदार दिसतं.

त्याआधी जॉर्ज घरी येतो तो प्रसंग अधिक भेदक आहे. मुलं नाताळच्या तयारीत, एक पियानोवर तीच धून पुन्हा पुन्हा वाजवतेय. जॉर्ज बायकोवर ओरडतो, शिक्षिकेला फोनवर वाटेल ते बोलतो, टेबल लाथाडतो. जिन्याच्या कठड्याचा लाकडी गोळा ढिला आहे. वर जाताना तो हातात निघून येतो आणि क्षणभर वाटतं की आता हा तो फेकून मारणार. त्या जुन्या, गळक्या घरात अडकलेलं सगळं आयुष्य त्या गोळ्यात आहे. एकशेतीस मिनिटांच्या सिनेमात देवदूत क्लॅरेन्स पुलावर येतो तेव्हा दीड तास उलटून गेलेला असतो. तोवर आपण कर्ज, माघार आणि चिडचिड यांचीच गोष्ट पाहत असतो. आनंदाचा शेवट पटतो तो या दीड तासाच्या जोरावर.

सिनेमा २० डिसेंबर १९४६ला न्यूयॉर्कमध्ये लागला. खरं तर तो जानेवारीत यायचा होता. आरकेओचा ‘सिनबाद द सेलर’ वेळेत तयार झाला नाही म्हणून याला अलीकडे ओढलं, त्यामुळे त्याच वर्षीच्या ऑस्करमध्येही तो धरला गेला. पाच नामांकनं मिळाली. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक आणि अभिनेता या तिन्ही पुरस्कारांत ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’नं बाजी मारली, आणि तो दिग्दर्शित केला होता काप्राचाच भागीदार विल्यम वायलर यानं. तीस लाख डॉलरहून जास्त खर्चाच्या या सिनेमात पाच लाखांवर खोट आली. लिबर्टी फिल्म्स लवकरच पॅरामाउंटला विकावी लागली. १९४७ साली एफबीआयच्या एका टिपणात तर अशी शंका नोंदवली गेली की सावकाराला इतकं दुष्ट दाखवणं ही साम्यवाद्यांची चाल आहे.

पुढची पंचवीसेक वर्षं सिनेमा जवळपास विस्मृतीत गेला. मग एक कागद भरायचा राहिला. त्या वेळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे कॉपीराइट अठ्ठावीस वर्षांचा असे आणि नंतर अर्ज करून तो वाढवून घ्यावा लागे. १९७४ साली या सिनेमाची मुदत संपली तेव्हा हक्क असलेल्या कंपनीनं अर्जच केला नाही. सिनेमा मोफत झाला. अमेरिकेतल्या लहानमोठ्या टीव्ही वाहिन्यांना डिसेंबरात दाखवायला काहीतरी हवंच होतं. त्यांनी तो दिवसरात्र दाखवायला सुरुवात केली, आणि एक अख्खी पिढी जॉर्ज बेलीबरोबर वाढली. म्हातारपणी काप्रालाही या पुनर्जन्माचं नवल वाटत राहिलं.

हा मोफतपणा संपला तोही कायद्यामुळेच. १९९० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं हिचकॉकच्या ‘रिअर विंडो’बद्दलच्या खटल्यात ठरवलं की मूळ कथेचा हक्क जिवंत असेल तर तिच्यावरून केलेला सिनेमाही कुणी परवानगीशिवाय वापरू शकत नाही. त्या खटल्यातला एक पक्षकार जेम्स स्टुअर्टच होता. स्टर्नच्या कथेचा हक्क शाबूत होता. त्याच्या आणि पार्श्वसंगीताच्या आधारावर १९९३पासून सिनेमावर पुन्हा मालकी सांगितली गेली आणि १९९४पासून तो एनबीसी वाहिनीकडे आहे. दोनशे प्रतींची ती पुस्तिका पन्नास वर्षांनी अशी कामी आली.

पण टीव्हीवर फुकट दाखवलेले सिनेमे शेकड्यांनी होते आणि ते लोकांच्या मनात राहिले नाहीत. हा राहिला, याचं कारण मला त्यातल्या दोन गर्दींमध्ये दिसतं. पहिली गर्दी पैसे काढायला येते, लग्नाच्या दिवशी, पावसात. दुसरी शेवटच्या प्रसंगात जॉर्जच्या घरात शिरते, नाताळच्या रात्री, बर्फातून, आणि टोपलीत पैसे ओतते. औषधवाले गावर येतात, ज्याला या संस्थेच्या कर्जावर स्वतःचं घर मिळालं तो मार्टिनी येतो, घरकामाची अ‍ॅनी आपली पुंजी घेऊन येते, हिशेब तपासायला आलेला अधिकारीसुद्धा खिशात हात घालतो. आठ हजारांचा खड्डा बघता बघता बुजतो. देवदूतानं जॉर्जला एक पैसाही दिलेला नाही. त्यानं फक्त पासबुक उघडून दाखवलं. जॉर्ज नसलेल्या गावात हॅरीची कबर होती, आणि हॅरी नाही म्हणून जहाजावरचे ते सैनिकही नाहीत. गावर तुरुंगात जाऊन आलेले होते. घरांच्या वसाहतीच्या जागी स्मशान होतं. घरी परतल्यावर तोच ढिला लाकडी गोळा पुन्हा जॉर्जच्या हातात येतो. या वेळी तो त्याचा मुका घेतो.

आणि पॉटर? त्या काळी हॉलिवूडमध्ये गुन्हेगाराला पडद्यावर शिक्षा झालीच पाहिजे असा दंडक होता, तरी काप्रानं पॉटरला मोकळं सोडलं. आठ हजार डॉलर शेवटपर्यंत त्याच्याकडेच राहतात. हे मला फार प्रामाणिक वाटतं. गावातला पॉटर कुठे जात नाही. त्याच्यासमोर संस्था चालू ठेवावी लागते, दुसऱ्या दिवशीही दार उघडून काउंटरवर बसावं लागतं.

पुढे या सिनेमाच्या रंगवलेल्या प्रती आल्या. स्टुअर्ट आणि काप्रा दोघांनीही त्यांना कडाडून विरोध केला होता. या डिसेंबरात पाहणार असाल तर मूळ कृष्णधवलच पाहा, आणि देवदूत येण्याआधीचा पहिला दीड तास पुढे पळवू नका.